वुडांग, शाओलिन आणि चेन घराण्याचे गाव

शनिवार, वुडांग

वुडांग पर्वताचे थ्येनझू शिखर १६१२ मीटर उंच आहे. वर जायला रोपवे आहे, पण मामांनी पायऱ्याच धरल्या. मामा कोल्हापूरचे. सगळे आयुष्य तालमीत गेले, आता सत्तरीला टेकलेत. मी पुण्यात ताईची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धविद्या, शिकते हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न होता, "एवढं हळू हात हलवून कुणाला पाडता येतं का गं?" त्याचे उत्तर शोधायलाच आम्ही दोघे ऑक्टोबरच्या अखेरीस चीनला निघालो.

माथ्यावरचे सुवर्णमंदिर १४१६ सालचे. ब्राँझचे ओतीव काम आणि वर सोन्याचा मुलामा. आत उत्तर दिशेचा देव झेन्वू बसलेला आहे. त्याचे कासव आणि साप डोंगरावर जागोजागी भेटतात. कासव जागचे हलत नाही, सापाला हाड नसल्यासारखी वळणे. ही जोडी एका देवाच्या पायाशी पाहिली आणि आमच्या वर्गात "खाली घट्ट, वर सैल" असे का सांगतात ते मला उमगले.

मंदिरांचा हा सगळा पसारा मिंग सम्राट योंगलचा. १४०२ साली त्याने पुतण्याची गादी घेतली. झेन्वूचा कौल आपल्या बाजूला होता, हे प्रजेला पटवायचे होते. म्हणून १४१२ पासून लाखो मजूर लावून त्याने हे बांधकाम काढले. चांग सानफेंग नावाच्या सिद्धपुरुषाला शोधायलाही त्याने माणसे पाठवली. सिद्धपुरुष सापडला नाही, पण त्याच्या नावाने डोंगराच्या पायथ्याशी एक वास्तू मात्र उभी राहिली.

याच चांग सानफेंगने बगळा आणि साप यांची झुंज पाहून ताईची निर्माण केली, असे इथले सगळे मार्गदर्शक सांगतात. कथा सुंदर आहे. पण सानफेंगचे नाव मूठयुद्धाशी जोडणारा सर्वांत जुना ज्ञात लेख १६६९ सालचा, म्हणजे ह्वांग झोंगशी या विद्वानाने एका मल्लासाठी लिहिलेला समाधिलेख. त्याआधी पाव शतक, १६४४ साली, मिंग राज्य बुडून परक्या मांचूंचे राज्य आले होते. ह्वांगने ते मनाने कधीच स्वीकारले नाही. त्याने बौद्ध शाओलिन मठाच्या विद्येला 'बाहेरची' ठरवले आणि तिला जिंकणारी 'आतली' विद्या म्हणून ताओपंथी सिद्धाची विद्या पुढे केली. बौद्ध धर्म परदेशातून आलेला आणि ताओ मातीतला, तेव्हा हा लेख राज्यकर्त्यांविरुद्धचा झाकलेला हुंकार असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मला ते पटते. हरलेल्या माणसांनी आपला अभिमान कुठे जपून ठेवला, याची ती खूण आहे.

उतरताना 'सुई घासण्याची विहीर' लागली. झेन्वू राजपुत्र असताना साधनेला कंटाळून घरी निघाला, तेव्हा इथे एक म्हातारी लोखंडी मुसळ दगडावर घासत बसली होती. काय करतेस, तर म्हणे सुई करतेय. राजपुत्र परत फिरला. मामा त्या विहिरीपाशी बराच वेळ थांबले. "रोज जोर काढायला उठवायचा तर पोरांना हेच सांगत आलो, माझ्याजवळ गोष्ट नव्हती," म्हणाले.

रविवार

सकाळी झिश्याओ मंदिराच्या अंगणात तरुण मुले-मुली तलवारीचा सराव करत होती. आत डोक्यावर अंबाडा बांधलेले ताओपंथी पाठ म्हणत होते. मंदिराच्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळाले. दुपारी जलद गाडीने झेंगझोऊ, तिथून बसने देंगफेंग. पोचेपर्यंत रात्र.

सोमवार, शाओलिन

न्याहारीला हूलाथांग, म्हणजे मिऱ्यांनी झणझणीत केलेले दाट सार. मामांना हा प्रांत तिथेच आवडला.

देंगफेंग हे मार्शल आर्टच्या शाळांचे गाव आहे. हजारो मुले वसतिगृहात राहून शिकतात, आणि शाओलिनकडे जाताना मैदानांवर त्यांच्या रांगाच रांगा दिसतात. मठ सुंग पर्वताच्या कुशीत आहे. इसवी सन ४९५ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो बुद्धभद्र या भारतीय भिक्षूसाठी बांधला. मागाहून भारतातून आलेल्या बोधिधर्माचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, या पहिल्या भिक्षूचे फारसे कुणाला नसते.

मला सगळ्यांत आधी ७२८ सालचा शिलालेख पाहायचा होता. ६२१ साली थांग घराण्याचा राजपुत्र ली शिमिन एका प्रतिस्पर्ध्याशी लढत असताना शाओलिनच्या भिक्षूंनी त्याला मदत केली. शत्रूच्या पुतण्याला पकडून दिले, आणि बदल्यात मठाला जमीन मिळाली. राजपुत्राचे त्याबद्दलचे पत्र दगडावर कोरले आहे. लढलेल्या १३ भिक्षूंची नावेही तिथे आहेत. भिक्षू लढले, ते आपल्या गिरणीसाठी आणि शेतजमिनीसाठी. त्यांनी कुठली खास विद्या वापरली, याबद्दल त्या दगडावर एक अक्षर नाही.

विद्या म्हणून शाओलिन पहिल्यांदा नावारूपाला आले ते काठीमुळे, मिंग काळात. १५५३ साली किनारपट्टीवरच्या चाच्यांशी लढायला भिक्षू गेले ते काठ्या घेऊनच. रिकाम्या हाताची लढत इथे मोठी झाली ती त्यानंतर. काठीचा देव कोण, तर किन्नर! आपल्या पुराणांतले गाणारे किन्नर. युआन राजवटीच्या शेवटी बंडखोरांनी मठाला वेढा घातला, तेव्हा स्वयंपाकघरातला एक साधा नोकर चुलीतले लाकूड उचलून बाहेर आला आणि डोंगराएवढा झाला. तोच किन्नरराज. त्याचे दालन आजही आहे. त्याच्याही आधी इथले भिक्षू शक्ती मागायचे ती वज्रपाणीकडे. सहाव्या शतकातला एक अशक्त भिक्षू वज्रपाणीपुढे हट्टाने बसून राहिला आणि देवाने त्याला बळ दिले, ही कथा थांग काळापासून लिहिलेली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला वज्रपाणी लहानपणापासून पाहिलेला. त्याचा हा दूरचा संसार मला ठाऊक नव्हता.

श्वेतवस्त्र दालनाच्या भिंतींवर छिंग, म्हणजे मांचूंच्या, काळातली भित्तिचित्रे आहेत. भिक्षू जोडीजोडीने झुंजताहेत, काही गोरे, काही सावळे. मामा प्रत्येक जोडीपुढे थांबून कोण कुठला डाव लावतोय ते मला सांगत होते. शेवटच्या दालनाच्या फरशीत ४८ खळगे आहेत. पिढ्यान्पिढ्या भिक्षूंनी पाय आपटून ते पाडले असे सांगतात. इथे मामा गप्प होते. फरशी पाहत होते.

१९२८ च्या मार्चमध्ये एका लष्करी सरदाराने मठाला आग लावली आणि ती ४० हून अधिक दिवस जळत राहिली. ग्रंथसंग्रह गेला. आज दिसतात ती बरीच दालने नंतरची. स्तूपवन मात्र वाचले. २०० हून अधिक स्तूप, प्रत्येकाखाली एकेक आचार्य. तिथे आम्ही दुपार काढली.

मंगळवार, बोधिधर्माची गुहा

वूरू शिखराची चढण तासाभराची. बोधिधर्म या गुहेत भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षे बसला, अशी श्रद्धा आहे. शिष्य व्हायला आलेल्या ह्वेइकने बर्फात उभे राहून आपला हात तोडून दिला, आणि म्हणून शाओलिनचे भिक्षू आजही एकाच हाताने नमस्कार करतात, असे सांगतात. गुहा लहान आहे. आत दोन भाविक गुडघे टेकून बसले होते. आम्हीही बसलो.

बोधिधर्माने इथे व्यायाम शिकवला आणि त्यातून सगळी विद्या जन्मली, ही गोष्ट भारतात तर फारच प्रेमाने सांगितली जाते. तिचा आधार असलेला व्यायामग्रंथ मात्र १७व्या शतकात एका ताओपंथीयाने रचला आणि त्यावर बोधिधर्माचे नाव घातले. हे १९३०च्या सुमारास मांडले थांग हाओ या शांघायच्या वकिलाने. चिनी विद्येचा अभिमान राष्ट्राच्या अभिमानाशी बांधला गेलेला तो काळ. त्या काळात त्याने बोधिधर्म आणि सानफेंग या दोन्ही कथा पुराव्यानिशी बाजूला सारल्या आणि अनेकांचा रोष पत्करला. तो स्वतः सराव करणारा माणूस होता. विद्येवर प्रेम असल्याशिवाय इतकी खोल चौकशी कुणी करत नाही. त्याने जिथे जाऊन कागद तपासले, त्या चेन घराण्याच्या गावीच आम्हाला जायचे होते.

बुधवार, खिंड ओलांडून

भाड्याच्या गाडीने उत्तरेला निघालो. शाओलिनच्या मागे ह्वानयुआन खिंड आहे. ६२१ साली या वाटेला महत्त्व होते म्हणूनच राजपुत्राला भिक्षूंची गरज पडली. खिंड उतरली की यानशीच्या परिसरात ह्युएनत्संगचे जन्मगाव लागते. तिथे थांबणे मला मराठी माणूस म्हणून आवश्यक वाटत होते. सातव्या शतकातल्या आपल्या पूर्वजांचे बाहेरच्याने केलेले सर्वांत जिवंत वर्णन या गावच्या मुलाने लिहिले आहे. पुलकेशीच्या राज्यातली महाराष्ट्राची माणसे उंच, मानी. उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात आणि मगच भाला उचलतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे देतात. गाडीत मी हे मामांना वाचून दाखवले. "आधी कळवायचं, हे बरोबर हाय," ते म्हणाले. "सलामी दिल्याबिगर हात घालायचा नाही."

हाच ह्युएनत्संग ६४५ साली परतला, तेव्हा शाओलिनमध्ये राहून ग्रंथांचे भाषांतर करू द्या, अशी विनंती त्याने सम्राटाला केली. सम्राट कोण, तर शिलालेखातला तोच ली शिमिन. परवानगी मिळाली नाही, राजधानीतच राहावे लागले. दोन दिवसांत पाहिलेले धागे असे एका जागी आले की प्रवासाचे सार्थक वाटते.

पुढे ह्वांग हो ओलांडली. गढूळ, रुंद, संथ. पलीकडे वेन तालुक्याची सपाटी. डोंगर संपले.

गुरुवार ते शनिवार, चेनजियागोऊ

हे शेतकऱ्यांचे गाव आहे. मिंग काळाच्या सुरुवातीला चेन बू नावाचा माणूस शान्शी प्रांतातून इकडे आला आणि त्याचा वंश इथे वाढला. नवव्या पिढीतला चेन वांगटिंग तालुक्याच्या संरक्षण दलात अधिकारी होता. १६४४ ला राज्य बुडाले, तो गावी राहिला. उतारवयात लिहिलेल्या कवितेत तो सांगतो की काम नसेल तेव्हा डाव रचतो, हंगामात शेत कसतो, आणि सोबतीला शरीराच्या आतल्या साधनेची ताओपंथी पोथी असते. घराण्याच्या वंशावळीत त्याच्या नावापाशी तोच या घराण्याच्या मूठयुद्धाचा आणि शस्त्रविद्येचा आरंभकर्ता असल्याची नोंद आहे. थांग हाओला इथे सापडली ती हीच.

थांग हाओने आणखी एक गोष्ट दाखवली. सेनापती छी जीग्वांगने १६व्या शतकात सैनिकांसाठी ३२ पवित्रे चित्रांसह लिहून ठेवले होते. त्यांतले २९ चेन घराण्याच्या सरावात आहेत. झग्याचे टोक कमरेला खोचायचे, एका हाताचा चाबूक करायचा, कोंबड्यासारखे एका पायावर उभे राहायचे, हे सगळे मी पुण्यात रोज करत होते आणि त्यामागे चाच्यांशी लढणारे सैनिक आहेत हे मला माहीत नव्हते.

आमचे शिक्षक चाळिशीतले, चेन घराण्यातलेच. घराचे अंगण हीच शाळा. एका कडेला भाले आणि लांब काठ्या, दुसऱ्या कडेला मक्याची कणसे वाळत घातलेली. हे अंगण कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एखाद्या जुन्या तालमीसारखे होते, फक्त हौद्याऐवजी विटांची फरशी. मामा आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावून शिरले. शिक्षकांनी ते पाहिले. काही बोलले नाहीत, पण त्या क्षणापासून ते मामांना चहा स्वतः ओतून देऊ लागले.

सकाळी आधी नुसते उभे राहणे. गुडघे किंचित वाकलेले, माकडहाड खाली सोडलेले, डोक्याची टाळू वर. अर्ध्या तासात मांड्या थरथरतात. मग एका हाताने हवेत वर्तुळे. कोशातून रेशमाचा धागा ओढताना झटका दिला तर तुटतो, थांबला तर गुंततो, असा ओढ कायम ठेवून हात फिरवायचा. फिरवायचा म्हणजे हाताने नाही. पायाच्या तळव्यातून सुरू झालेले वळण जांघेतून, कमरेतून, पाठीतून खांद्याला आणि शेवटी बोटांना पोचते. शिक्षक माझ्या जांघेच्या घडीत दोन बोटे दाबून "इथे बंद आहेस" म्हणायचे, फोनमधला अनुवाद ते हिंदीत बोलून दाखवायचा, आणि मामा मागून म्हणायचे, "कंबर सोड पोरी, कंबर." दोघे दोन भाषांत एकच सांगत होते.

सरावाचा सुरुवातीचा डाव म्हणजे वज्रधारी रक्षकाने उखळात मुसळ घालणे. उजवी मूठ वर जाते, डाव्या तळव्यात पडते, त्याच वेळी उजवा पाय जमिनीवर आदळतो. ज्या विद्येला सगळे ताओपंथी म्हणतात तिचे दार उघडतो तो बौद्ध मठाचा द्वारपाल. दुसऱ्या दिवशी पहाटे हे करताना मला शाओलिनच्या फरशीतले खळगे आठवले. सैनिकाचे पवित्रे, मठातला देव, ताओपंथीयाचा श्वास, वैद्याने सांगितलेल्या शरीरातल्या वाहिन्या हे सगळे एका शेतकरी घराण्याने कुणाला न सांगता एका अंगात मुरवले. तत्त्वज्ञान इथे भिंतीवर लिहिलेले नाही, ते मांडीत भरते. आणि म्हणून एखाद्या सिद्धपुरुषाला एक झुंज पाहून हे सगळे आयते मिळाले, ही कथा मला आता या माणसांवर अन्याय करणारी वाटते.

दुपारी गाव हिंडलो. १८व्या-१९व्या शतकातल्या चेन चांगशिंगने ज्या वाड्यात यांग लूचानला शिकवले तो जतन केला आहे. घराण्याबाहेरच्या माणसाला ही विद्या मिळाली ती औषधांच्या व्यापारामुळे. वेन परिसरातली चार औषधे पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. कोनफळाच्या जातीचा एक लांब बारीक कंद, शेवंती, आपल्या आघाड्याच्या कुळातली एक मुळी, आणि दीह्वांग नावाचा काळा कंद. चेन गावच्या एका कुटुंबाचे यांगच्या गावी औषधांचे दुकान होते, त्या ओळखीतून तो इथे आला. पुढे तो बीजिंगला जाऊन राजदरबारच्या लोकांना शिकवू लागला आणि तिथून विद्या जगभर गेली. मी पुण्यात शिकते ती शाखाही त्याचीच. सध्या कंद काढणीचा हंगाम. तो सरळ खाली मीटरभर जातो, न मोडता काढायचा तर बाजूने चर खणावा लागतो. शिक्षकांचे काका खणत होते. साठी उलटलेला माणूस कमरेतून वळून फावडे टाकत होता, आणि ती तीच वळणे होती.

गावात मला सगळ्यांत भावले ते चेन चाओपी (१८९३–१९७२) यांचे चरित्र. त्यांनी बीजिंग आणि नानजिंगमध्ये नाव कमावले होते. १९५८ साली गावी परतले तर तरुण पिढीत सराव करणारे जवळजवळ कुणी उरले नव्हते. दुष्काळाची वर्षे, पोटाला नाही, तरी ते मुलांना गोळा करून शिकवू लागले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांची धिंड काढली. त्यांनी विहिरीत उडी घेतली, वाचले, पाय जखमी झाला. तरीही रात्री लपून शिकवत राहिले. आज जगभर शिकवणारे या गावचे चार ज्येष्ठ आचार्य त्यांनी घडवलेली मुले. २०२० साली युनेस्कोने ताईचीला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतले, आणि गावात त्याचे मोठे फलक आहेत. माझ्या मते तो मान त्या रात्रींचा आहे.

शनिवारी संध्याकाळी शिक्षकांनी मामांना हात पुढे करायला सांगितले. मनगटाला मनगट लावून दोघांनी गोल फिरवायचे, ताकद न लावता समोरच्याचा तोल कुठे आहे ते कातडीने ऐकायचे. मामांनी सवयीने रेटा दिला. शिक्षक मागे सरकले नाहीत की अडले नाहीत, कमरेतून एवढेसे वळले, आणि मामांचे वजन स्वतःच्याच रेट्याने पुढे गेले. मामा दोन पावलांवर सावरले. पुन्हा. पुन्हा तेच. मग मामा रेटायचे थांबले आणि डोळे अर्धे मिटून फिरवू लागले. बराच वेळ कुणी कुणाला ढकलले नाही.

"हळू करतात ते ह्यासाठी," मामा मला म्हणाले. "जोरात केलं की आपलाच आवाज ऐकू येतोय, दुसऱ्याचा न्हाई."

रविवार

निघायच्या दिवशी शिक्षकांनी मला दोनच गोष्टी नेमून दिल्या, उभे राहणे आणि एका हाताचे रेशीम. बाकी सगळे पुढच्या खेपेला. काकांनी कागदात गुंडाळलेले कंद आणून दिले आणि ते भातात कसे शिजवायचे ते हातवारे करून सांगितले.

गाडी दारात आली तेव्हा मामा अंगणात शिक्षकांना धोबीपछाड दाखवत होते. शिक्षकांनी एकदा घेतला, उठले, अजून एकदा म्हणाले. मामांचा खांदा कुठे शिरतो ते त्यांना पाहायचे होते. मग त्यांनी त्यातून सुटायची एक वाट काढली, मामांनी ती अडवली, आणि शिक्षकांचा बारा वर्षांचा मुलगा मध्ये येऊन मलाही, मलाही करू लागला. चालकाने दोनदा हॉर्न वाजवला. झेंगझोऊची संध्याकाळची गाडी आम्हाला अगदी पाच मिनिटे राखून मिळाली.